काकाच्या कॅलेंडरांवरचे आकडे

शाईपेन

सव्वा महिना झाला काका जाऊन. झोपेतच गेला. वय ५८. बाबांचा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आमच्याबरोबरच राहिला. आम्ही भावंडं त्याला अरे-तुरे करायचो आणि त्याला ते आवडायचं.

इथे व्यक्तिचित्रं बरीच येतात, म्हणून तसं काहीतरी लिहायला बसले होते. जमेना. ‘सदैव हसतमुख’ लिहिलं आणि खोडलं. सदैव हसतमुख वगैरे काही नव्हता तो. सकाळी नऊच्या आत बोलायला गेलात तर खेकसायचा. काकाच्या खोलीचं दार उघडं दिसेपर्यंत आत जायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच बजावलेलं होतं.

त्याची पाठ दुखायची. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की ते ऐकून कुणी मान वर करत नसे. आजाराला नाव होतं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मला ते नीट म्हणता यायच्या आधीपासून होतं. माझ्या आठवणीतला काका मान वळवतच नाही. हाक मारली की पावलांसकट अख्खा वळतो, कपाट वळवावं तसा. आणि शिंक! शिंक येतेय असं वाटलं की हातातलं सगळं खाली ठेवायचा, दोन्ही तळवे टेबलावर रोवायचा आणि मग शिंकायचा. झाल्यावर दोन-तीन सेकंद तसाच, डोळे मिटून. मग, “हं, काय म्हणत होतो मी?” मला वाटायचं, शिंकायची पद्धतच ती. मीही टेबल धरून शिंकायचे. घरात सगळे हसायचे. काका मात्र गंभीरपणे सांगायचा, “पकड घट्ट हवी.”

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. खोली आवरताना पलंगाखाली जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी सापडली. मोजली, ३१ निघाली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात, उजवीकडे खाली, पेन्सिलीने बारीक आकडा. ९०. ७५. १२०. ९०. कधी ४०. एका वर्षी पावसाळाभर १५० ते १८०. शेवटच्या दहा-बारा वर्षांत ३०, २०, १५. शून्य क्वचितच. काही चौकोनांत आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ.

खर्च म्हणावा तर इतका नेमाने? रक्तदाब म्हणावा तर एकच आकडा कसा? बाबांना विचारलं. त्यांनी एक कॅलेंडर हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि “ठेव परत” म्हणाले. बस, एवढंच.

कुणाला काही अंदाज?

जुनाजाणता

काकांना श्रद्धांजली. शिंकेचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. आकड्यांचं म्हणाल तर चालायला जात असत का? मिनिटं किंवा फेऱ्या असतील.

दुपारची_झोप

मला तर रक्तातली साखर वाटते. ९०, १२०, १५० अगदी तसेच आकडे आहेत.

शाईपेन

@दुपारची_झोप, मधुमेह नव्हता. आणि साखर १५ वर आली तर माणूस कॅलेंडरवर लिहायला उठायचा नाही :)

@जुनाजाणता, चालायचा रोज, पण मग आकडे वयाबरोबर इतके उतरतील का? आणि पावसाळ्यात वाढतील कशाला?

मणका_पाचवा

जुनाजाणता यांचं अर्धं बरोबर आहे. मिनिटंच आहेत. चालायची नाहीत, उठायची.

मला हाच आजार आहे, अकरा वर्षं झाली. सकाळी जाग आल्यापासून अंग मोकळं होईपर्यंत जो वेळ जातो, तो आम्हाला दर भेटीत विचारतात. १९९४ मध्ये इंग्लंडातल्या बाथ या गावच्या डॉक्टरांनी या आजारासाठी एक प्रश्नावली तयार केली, ‘बासडाय’ म्हणतात तिला. सहाच प्रश्न. सहावा हा, की सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? उत्तराची पट्टी शून्यापासून सुरू होते आणि ‘२ तास किंवा जास्त’ला संपते. तुमच्या काकांचे १८० म्हणजे पट्टी संपल्यावर आणखी एक तास.

हा वेळ कसा असतो ते सांगतो, कारण बाहेरून काही दिसत नाही. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते. कूस बदलायची म्हणजे आधी मनात आखणी, मग गुडघा, मग खांदा, मग बाकीचे आपण. साध्या पाठदुखीत आडवं पडलं की बरं वाटतं. आमचं उलटं. जितकं पडून राहाल तितकं सिमेंट घट्ट होतं. उठून हिंडायला लागलं, गरम पाण्याखाली उभं राहिलं की हळूहळू सुटतं. त्यामुळे सकाळी मोजे घालायला बायको लागते आणि संध्याकाळी मी बॅडमिंटन खेळतो. ऑफिसातल्या लोकांनी यातलं फक्त बॅडमिंटन बघितलेलं असतं.

काकांनी इतकी वर्षं रोज नोंद ठेवली याला माझा दंडवत. मी तीन आठवड्यांत कंटाळलो होतो.

शाईपेन

म्हणजे दार बंद असायचं ते यासाठी.

आम्हाला वाटायचं त्याला उशिरापर्यंत झोपायला आवडतं. आई तर पाहुण्यांना सांगायचीसुद्धा, आमचे भाऊजी सूर्यवंशी आहेत म्हणून. तो ऐकून मान हलवायचा. म्हणजे मान नाही, खांदे.

नवी_पालवी

भावपूर्ण धागा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पाठीला विशिष्ट झटका देऊन मणके जागेवर बसवतात. अनेकांना गुण आला आहे. ज्यांना हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. शिवाय मन खंबीर असेल तर निम्मं दुखणं पळतं, हा स्वानुभव.

साधा_डॉक्टर

नवी_पालवी, तुमचा हेतू चांगला असेल, पण या आजारात कुणी पाठीला झटका देऊ नये आणि घेऊही नये. कडक शब्दांबद्दल क्षमस्व. कारण सांगतो.

यात सूज धरते ती मुख्यतः माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेची हाडं यांच्यामधल्या सांध्यांना, आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागांना. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे नवं हाड धरतं. एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधल्यासारखं. पूर्ण जुळलेला कणा एक्स-रेमध्ये बांबूसारखा दिसतो, पेरांपेरांचा. असा कणा दणकट वाटतो, पण असतो ठिसूळ. साध्या पडण्यानेही मोडू शकतो. झटका तर लांबच राहिला.

आता त्या आकड्यांबद्दल. शेवटच्या दहा-बारा वर्षांत ते उतरले म्हणताय, त्या सुमारास इंजेक्शनं सुरू झाली होती का? सूज पेटवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन शरीरात असतं, ते अडवणारी औषधं या आजारासाठी २००३ पासून वापरात आली. त्याआधी व्यायाम आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या, एवढंच हाताशी होतं. गोळ्यांचा उपयोग होतो, पण वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं तपासत राहावं लागतं.

शाईपेन

हो! फ्रिजच्या दारात असायची डबी. ‘हात लावू नये’ असं त्याच्या अक्षरात लिहिलेलं, खाली कवटी काढलेली. माझा मुलगा त्या कवटीवर फार खूश होता.

खिडकीपाशी

‘मन खंबीर’वरून लिहितेय, थोडं अवांतर होईल.

माझ्या भावाला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. उजव्या गालावर वारा लागला तरी वीज चमकल्यासारखी कळ. काही सेकंदांचीच, पण दिवसातून कितीतरी वेळा. गालाला बोट लावायची सोय नव्हती, त्यामुळे तो फक्त डावीकडची दाढी करायचा. महिना-दीड महिना अर्धी दाढी वाढलेला माणूस बघितलाय का कुणी? त्याच्या कामाच्या ठिकाणी टोपणनावं पडली. घरी येऊन तीच आम्हाला सांगून हसवायचा, आणि हसतानाही तोंड डावीकडूनच उघडायचा. आधी दातांवर संशय गेला, दोन दाढा विनाकारण काढल्या. मग एकाने अपस्माराचं औषध दिलं, कार्बामाझेपिन, आणि आठवडाभरात तो पठ्ठ्या दोन्ही गाल गुळगुळीत करून दारात उभा. आई रडायलाच लागली.

तेव्हा खंबीर मन आधीही होतं. दाढी गोळीने झाली.

वेदनेच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्याबरोबरच्या टिपांमध्ये असं आहे की एखादा माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा. हे लिहून ठेवायची वेळ यावी याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता नाही वाटत.

पायवाट

वेगळा धागा काढायला हवा खरं तर, पण विचारतेच. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. वर्षभर सकाळी पाऊण तास कंबर आखडलेली असते, नंतर ठीक. मध्यंतरी एक डोळा लाल होऊन खूप दुखला. एक्स-रेत काही नाही. जिमचं दुखणं आहे म्हणतात. मी उगाच घाबरतेय का?

साधा_डॉक्टर

@पायवाट, इथून निदान करणार नाही, पण मुलाला संधिवाततज्ज्ञांकडे न्या, आणि डोळ्याची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. या आजारात साधारण चौघांतल्या एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आत सूज येते. तरुण वयात हळूहळू सुरू झालेली, ३ महिन्यांहून जास्त टिकलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, उत्तररात्री जाग, टाचा दुखणं, हे सगळं मिळून चित्र बनतं.

एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. हाडांतला बदल फिल्मवर उमटायला कित्येकदा वर्षं जातात. १९८४ च्या निकषांमध्ये एक्स-रेत बदल दिसल्याशिवाय निदान पक्कं होत नसे, त्यामुळे एक आख्खी पिढी ‘काही नाही’ ऐकत राहिली. २००९ च्या निकषांत एमआरआय आला, त्यात सूज आधीच दिसते. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणीही करतील. तिचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये कळला. पण ती नुसती पॉझिटिव्ह आली तर धसका घेऊ नका, तो जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

पायवाट

खूप आभार. उद्याच वेळ घेते.

शाईपेन

हा धागा मी काल रात्री बाबांना वाचून दाखवला. ‘मिनिटं आहेत’ इथपर्यंत आल्यावर ते म्हणाले, मला माहीत आहे. आज सकाळी स्वतःहून म्हणाले, लिहून घे. मी सांगतो तसंच लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. तर खालचं सगळं बाबांचं.

“त्याला एकविसाव्या वर्षी दुखायला लागलं. आम्ही एका खोलीत झोपायचो. पहाटे तीनला हा उठणार आणि येरझाऱ्या घालणार. मला सकाळी कामावर जायचं असायचं, मी चिडायचो. सकाळी माझी निघायची वेळ झाली तरी हा अंथरुणात. आई त्याच्या पायात चपला सरकवून द्यायची. आणि संध्याकाळी घरी यावं तर गडी मैदानावर! एक्स-रे काढला होता, स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले काही नाही. मग मी काय समजायचं? मी समजलो नाटक आहे. तीन वर्षं तसंच समजत होतो. कामचुकार हा शब्द मी त्याच्यासाठी वापरलेला आहे, तोही लिही.

“तो चोवीसचा असताना आम्ही घर बदललं. भल्या सकाळी सामान हलवायचं होतं. चार माणसं मदतीला आलेली आणि हा उठेना. मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, रोज दुखतं, रोज दुखतं, एकदा लिहून ठेव की किती दुखतं ते! मलाही कळू दे तुझा हिशेब. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नव्या घरात पहिला खिळा ठोकला तो कॅलेंडरसाठी, आणि त्यावर हा आकडा. रोज. माझ्या उशाच्या समोरच्या भिंतीवर, मला दिसेल असा. मी कधी विचारलं नाही कसला ते. कळत होतं.

“असं पाच वर्षं चाललं. मग एक नवीन डॉक्टर भेटले. त्यांनी विचारलं, सकाळी किती वेळ आखडतं? हा म्हणाला, पुढच्या वेळी सांगतो. पुढच्या वेळी काखेत गुंडाळी घेऊन गेला. मी बरोबर होतो. त्या डॉक्टरांनी एकेक पान उलटून बघितलं, बाहेर रांग असताना. मग याला उभं करून पाठीवर पेनाने दोन खुणा केल्या, दहा सेंटिमीटर अंतरावर, आणि म्हणाले, वाका पुढे. कातडी ताणून ते अंतर पंधराच्या आसपास जायला हवं. याचं गेलं साडेअकरा. नवा एक्स-रे काढला, त्यात दिसलं.

“जाताना डॉक्टर म्हणाले, हे लिहून ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला? फार शहाणपणाचं काम केलंत. याने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, यांनी.

“आता तो टोमणा होता की त्याने मला सोडून दिलं होतं, ते मला एकोणतीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. हसत होता. विचारू विचारू म्हणत राहून गेलं.

“तू एकतीस मोजलीस. चौतीस हवीत. दोन मध्यंतरी पावसाच्या पाण्यात गेली. पहिलं माझ्या कपाटात आहे.”

निमूट

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज लॉगिन झालो, आता काय लिहावं ते सुचत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

जुनाजाणता

बाबांना सांगा की स्वच्छ एक्स-रे हातात असताना आमच्यापैकी दहांतल्या नऊ जणांनी तेच म्हटलं असतं. दहावा मी नव्हे.

मणका_पाचवा

हे मी माझ्या मोठ्या भावाला पाठवलंय. त्याने वाचल्याचं दिसतंय. उत्तर नाही अजून.

रेघांबद्दल कुणीच बोललं नाही. काकांनी आकडा न लिहिता रेघ कधी मारली असेल? मी आपला तर्क करतोय, प्रवासात असतील, किंवा विसरले असतील.

शाईपेन

विसरणाऱ्यातला नव्हता तो. मलाही रेघांचं कोडं होतंच, म्हणून एक तारीख शोधली.

मी नऊ वर्षांची असताना काका मला डोंगरावर घेऊन गेला होता, आम्ही दोघंच. तेव्हाचा फोटो आहे, मागे तारीख आहे. पहाटे साडेसहाला आम्ही पायथ्याशी होतो. मी पुढे पळत होते आणि दर वळणावर थांबून विचारत होते, काका, दुखत नाही ना रे? दर वेळी उत्तर एकच, “आज सुट्टी दिलीय पाठीला.” वर पोचल्यावर त्याने मला खांद्यावर घेतलं नाही म्हणून मी थोडीशी नाराज, बाकी आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस.

त्या तारखेच्या चौकोनात ११० आहे. साडेसहाला पायथा, त्याआधी पाऊण तासाचा रस्ता. पावणेसहाला निघालो असू, म्हणजे चारच्या आत उठलेला. पुढच्या चौकोनात रेघ.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, रेघ म्हणजे उठलाच नाही त्या दिवशी. दिवसभर आडवा होता. तू शाळेतून येऊन त्याच्याकडून डोंगराचं चित्र काढून घेतलंस, आठवतं का?

आठवतं. डोंगर एका बाजूला कलंडलेला आला होता, आणि मी त्याला ते खोडून परत काढायला लावलं होतं.